पितळेचा कीस

दुकानदारानं खोक्यातून चक बाहेर काढला आणि त्याच्याभोवतीचा मेणकागद सोडवला, तेव्हा जो वास आला त्यानं माझी पंचाईत केली. ग्रीसचा वास. जाड, थंड, किंचित गोडसर. राणीगंजचं ते दुकान म्हणजे बोळकांडीच, दोन्ही बाजूंना छतापर्यंत लोखंड, बाहेर ट्रकमधून पाइप उतरवण्याचा खणखणाट. आणि मी काउंटरला धरून उभी, नारायणगुड्याच्या घरातल्या मागच्या व्हरांड्यात पोचलेली. दुकानदार काहीतरी विचारत होता. मला ऐकूच येईना.

चक म्हणजे लेथ मशीनचा पंजा. ज्या वस्तूला आकार द्यायचा, तिला तो जबड्यांत घट्ट धरतो आणि गरगरा फिरवतो. आमच्या घरी लेथ मशीन होतं, अजूनही आहे. लोकांच्या मागच्या व्हरांड्यात कपड्यांची दोरी असते, तुळस असते, मोडकी सायकल असते. आमच्याकडे हे सगळं होतं आणि मधोमध ते हिरवं मशीन होतं. शाळेतल्या मैत्रिणी घरी आल्या की पहिल्यांदा तिकडेच धावायच्या आणि मी उगाच नाक वर करून मालकिणीसारखी उभी राहायचे.

“मेडम, तीन जबडेवाला लेलो,” दुकानदार पुन्हा म्हणाला. मेंदीनं रंगवलेली दाढी, नाकाच्या टोकावर चष्मा. “आसान रैता. अपने आप सेंटर में पकडता. ये चारवाला कायकू? परेशान हो जाते.”

“चारवालाच होना,” मी म्हणाले. हैदराबादेत जन्म गेला की ‘पाहिजे’च्या जागी ‘होना’ आपोआप तोंडात येतं.

“घर में कौन चलाते?”

“बाबा चलाते थे. अब मैं.”

त्यानं माझ्या पांढऱ्या केसांकडे पाहिलं, खांद्यावरच्या कापडी पिशवीकडे पाहिलं आणि एक स्टूल पुढं सरकवलं. “बैठो,” म्हणाला. मग मी पिशवीतून आमच्या मशीनची जुनी तबकडी काढून काउंटरवर ठेवली, म्हणजे नवा चक तिच्यावर बसतो का ते बघता आलं असतं. ती बघून तो थबकला. तबकडीच्या कडेला जुना हिरवा रंग होता. “ये तो वो पीतलवाले साब का मशीन,” तो म्हणाला. मग आवाज उतरवून विचारलं, “हयात हैं ना?”

“हौ, हैं,” मी म्हणाले.

तीन जबड्यांचा चक घेणं सोपं होतं हे मलाही कळत होतं. एक किल्ली फिरवली की तिन्ही जबडे एकदम आत येतात आणि वस्तू बरोबर मध्यावर धरतात. पण वस्तू गोल आहे असं तो चक धरूनच चालतो. चार जबड्यांचा असं काही धरून चालत नाही. त्याचा प्रत्येक जबडा वेगळा हलवायचा, एक सैल करायचा, समोरचा आवळायचा, जरा फिरवून बघायचं, पुन्हा तेच. नवशिक्याच्या नाकी नऊ येतात. पण मला जी वस्तू धरायची होती ती गोल राहिलेली नव्हती. ती माझ्या आईची समई होती, आणि चिंचेनं घासून घासून तिची दांडी एका अंगानं झिजली होती.

खरं तर सगळं त्या समईपासूनच सुरू झालं. नवरात्र तोंडावर आलं होतं. नारायणगुड्याच्या बाजारात बतुकम्मा या इकडच्या फुलांच्या सणासाठी पिवळी तंगेडूची फुलं टोपल्यांनी यायला लागली होती. मी माळ्यावरून समई काढली, घासली, तेल घालून एक दिवस लावून पाहिली. ती डुलत होती. दांडी जिथं बैठकीत फिरवून बसवायची तिथले आटे पार गेले होते, दोरा गुंडाळूनही धरेनात. आईचा अखंड दिवा नऊ दिवस या समईत जळायचा. वाऱ्यानं विझू नये म्हणून ती खिडकीला जुनी चादर लावायची. डुलत्या समईत अखंड दिवा लावायचा म्हणजे घर पेटवून द्यायची तयारी.

“बाबा, हिचे आटे गेलेत,” मी म्हणाले.

बाबा खुर्चीत बसले होते. मांडीवर पंचा, पंच्याखाली उजवा हात. ते समईकडे न बघताच म्हणाले, “राहू दे मग यंदा अखंड दिवा. लाइटचा मिळतो आता. तो आण.”

हे वाक्य बाबांचं नव्हतंच.

बाबा पुण्याकडचे. नोकरीसाठी हैदराबादला आले ते इथलेच झाले. कारखान्यात टूलरूमला होते. दिवसभर दुसऱ्यांसाठी लोखंड कापून आले की संध्याकाळी स्वतःसाठी पितळ कापायचे. मशीन कुठल्याशा बंद पडलेल्या वर्कशॉपातून आणलेलं, जुनं पण सरळ मनाचं, असं ते म्हणायचे. कामावरून येऊन चहा घेतला, बनियनवर आले आणि मोटरचं बटण दाबलं की पट्टा आधी एकदा कुरकुरायचा, मग घर एका बारीक घुमणाऱ्या आवाजानं भरून जायचं. आम्हाला तो आवाज इतका सवयीचा, की वीज गेली की अंधारापेक्षा तो आवाज बंद झाल्याचंच आधी कळायचं.

आणि मग पितळेचा कीस उडायचा. लोखंड कापताना लांबलचक गुंडाळ्या निघतात, पितळ तसं करत नाही. त्याच्या बारीक सोनेरी सुया होतात आणि चहूकडे उडतात. पितळ कोरडंच कापायचं, त्याला तेल लागत नाही. संध्याकाळचं ऊन जामच्या झाडातून तिरपं आत यायचं, पेरूला आमच्याकडे जाम म्हणतात, आणि त्या उन्हात बाबांच्या हातांवर, दंडांवर, भुवयांवर सोनं सांडलेलं असायचं. हातांना नाण्यांसारखा वास यायचा. जेवायला बसताना साबणानं दोनदा धुतले तरी पहिल्या घासाला तो वास असायचाच, असं आई म्हणायची. म्हणायची तक्रारीच्या सुरात, पण कधी वेगळ्या ताटात जेवली नाही.

आईचं काम बाबांचं मशीन थांबल्यावर सुरू व्हायचं. लोखंडाचा कीस असता तर लोहचुंबक फिरवून गोळा झाला असता. पितळ चुंबकाला दाद देत नाही. झाडूनं झाडलं तर सुया फरशीच्या फटीत जाऊन बसतात आणि दोन दिवसांनी अनवाणी पायात घुसतात. म्हणून आई पोळ्यांची कणीक मळताना एक गोळा जास्तीचा मळायची. मऊ, जरा चिकट. पोळ्या झाल्या की तो गोळा घेऊन व्हरांड्यात यायची, पदर खोचून उकिडवी बसायची आणि मशीनच्या चारी बाजूंनी फरशीवर तो टिपत टिपत जायची. टप, टप, टप. गोळा हळूहळू सोनेरी व्हायचा. मशीनखालून, कोपऱ्यातून, कपड्यांच्या दोरीखालून. शेवटी बाबांच्या पायाशी येऊन म्हणायची, “दाखव.” बाबा एकेक पाय वर करायचे, आई तळव्याला गोळा दाबायची. मग माझी पाळी. “दाखव.” कणकेचा तो गार, ओला स्पर्श मला आत्ताही तळपायाला जाणवतो.

बाबा यावर हसायचे. “कारखान्यात दोनशे माणसं काम करतात, तिथं कोण कणीक घेऊन फिरतं?” म्हणायचे. आई म्हणायची, “त्यांच्या बायका तिथं अनवाणी फिरत नाहीत.” बाबांनी त्या गोळ्याला कधी हात लावला नाही. तो आईचा प्रांत.

बाबांची खरी ख्याती मात्र समयांची. त्या वेळी आमच्या आजूबाजूला मराठी घरं बरीच होती. कुणी पुण्याहून बदलून आलेलं, कुणी मराठवाड्यातून, आणि बहुतेक घरांत लग्नात आलेली समई असायची. समई तीन-चार तुकड्यांत असते, एकमेकांत फिरवून बसवायची. दरवर्षी काढायची, घासायची, पुन्हा बसवायची, असं करता करता आटे झिजतात. मग दोरा गुंडाळा, कापडाची चिंधी लावा. अशा लंगड्या समया सणाच्या आधी आमच्या व्हरांड्यात रांगेनं उभ्या असायच्या. शेजारच्या तेलुगू आंटीसुद्धा आपल्या कुंदुलु, म्हणजे त्यांच्याकडच्या पितळी दिव्यांची जोडी, घेऊन यायच्या आणि बाबांशी तेलुगूत बोलायच्या. बाबा त्यांना दखनीत उत्तर द्यायचे. काम मात्र दोघांना हवं तसंच व्हायचं.

झिजलेला आटा पुन्हा पाडायचा म्हणजे दांडीचं टोक कापून टाकायचं आणि खालच्या कोऱ्या पितळेवर नवा आटा पाडायचा. त्यामुळे प्रत्येक दुरुस्तीत समई बोटभर बुटकी व्हायची. “माणसासारखीच,” आई म्हणायची, “वय झालं की खाली खाली.” जबड्यांचे ओरखडे उठू नयेत म्हणून दांडीभोवती जुन्या लग्नपत्रिकांचा जाड कागद गुंडाळायचा. आमच्या घरी आलेली एकही पत्रिका रद्दीत गेली नाही. कुणाच्या तरी चिरंजीवांचा आणि चिरंजीव सौभाग्यकांक्षिणीचा शुभविवाह चकच्या जबड्यात गरगर फिरायचा आणि त्यातला गणपती शेवटी काळा होऊन बाहेर यायचा.

पण बाबांना एक गोष्ट सलायची. प्रत्येक गावच्या तांबटानं आटे आपल्या मनानं पाडलेले. नाशिकचे निराळे, पुण्याचे निराळे, लातूरचे तिसरेच. टूलरूममधल्या माणसाला हे बघवत नव्हतं. एका वर्षी त्यांनी कोठी बाजाराच्या मागच्या गल्लीतून एक डाय आणली. डाय म्हणजे आटे पाडायची पोलादाची चकती, ती एकाच मापाचे आटे पाडते. मग आलेल्या प्रत्येक समईला, वरचं काय आणि खालचं काय, बाबांनी तोच आटा दिला. एक-दोन वर्षांत आसपासच्या सगळ्या समया एका मापाच्या झाल्या. बाबा इतके खूश की येईल त्याला सांगायचे, “आता कुणाच्याही समईला कुणाचाही भाग बसतो.”

आणि तो बसला.

त्या वर्षी नवरात्रात मराठी मंडळाचं हळदीकुंकू मोठ्या हॉलमध्ये ठेवलं होतं. प्रत्येकीनं आपली समई आणायची, सगळ्या मिळून लावायच्या, असं ठरलं. हॉलचे दिवे घालवले तेव्हा त्या समयांचा जो उजेड पडला तो अजून माझ्या डोळ्यांत आहे. बायकांचे चेहरे, गजरे, भिंतीवरच्या थरथरत्या सावल्या. तेलाचा आणि करपलेल्या वातींचा वास कपड्यांना घरापर्यंत आला. कार्यक्रम झाल्यावर हॉलच्या मागच्या नळावर सगळ्या समया सोडून एकाच मोठ्या टबात चिंचेच्या पाण्यात घातल्या. गप्पा, हसणं, कुणाच्या सुनेचं काय, कुणाच्या दिराचं काय. पूर्वी कुणाची दांडी चुकून दुसरीकडे गेली असती तर बसलीच नसती, लगेच कळलं असतं. आता सगळंच सगळ्याला बसत होतं. प्रत्येकीनं हाताला येईल ते फिरवून बसवलं, आपली समई पिशवीत घातली आणि घरी गेली.

आईला घरी आल्याबरोबर कळलं. तिच्या समईच्या दांडीला वरच्या कड्याजवळ एक पोचा होता. नवी नवरी म्हणून ती पहिल्यांदा काचीगुडा स्टेशनवर उतरली तेव्हा पिशवी हातातून निसटली होती, त्याचा. ही दांडी गुळगुळीत होती. बैठक तिची, वाटी तिची, शिखरावरचा हंस तिचा, मधली दांडी कुणाची तरी. माहेरची ती एकच वस्तू होती तिच्याकडे.

हे तिनं मला खूप वर्षांनी सांगितलं, माझं लग्न झाल्यावर, असंच समई घासता घासता. “मग मागून का नाही आणलीस?” मी म्हणाले. मला रागच आला होता. आई हसली. “मागितली असती तर गावभर झालं असतं ना, की यांच्या आट्यामुळे घोळ झाला. किती आनंदात होते ते. आणि माझी दांडी कुणाच्या तरी देवापुढं जळतेच आहे की. तू बोलू नकोस हं त्यांच्याकडे.” मी बोलले नाही.

आई गेली. त्यानंतर बाबा काही दिवस मशीनपाशी जायचे, बटण दाबायचे, नुसतंच फिरू द्यायचे. मग त्यांच्या उजव्या हाताला कंप सुरू झाला. डॉक्टरांनी औषधं दिली, वय म्हणाले, सवय करा म्हणाले. बाबांनी सवय केली ती हात पंच्याखाली लपवायची. आणि हत्यारं वाटायला सुरुवात केली. जो येईल त्याला “ने” म्हणायचे. ओळखीच्या वर्कशॉपचा माणूस चार जबड्यांचा चक घेऊन गेला. एका कॉलेजच्या पोरानं टूल पोस्ट नेलं, म्हणजे कापायचं हत्यार जिथं घट्ट बसतं तो ठोकळा. घासून तयार केलेली हत्यारं कुणी नेली, ड्रिल कुणी नेली, ते तर मला ठाऊकच नाही. मी तेव्हा बाबांकडेच राहत होते, पण दिवसा शाळेत शिकवायला गेलेली असायचे, परत आले की मशीन जरा आणखी उघडं दिसायचं. शेवटी त्यांनी त्याच्यावर आईची जुनी सुती साडी टाकली. त्या साडीकडे बघवत नसे.

“यंदा लाइटचा आण” असं बाबा म्हणाले त्या दिवशी मी ठरवलं. ते मशीन पुन्हा सजवायचं आणि बाबांना त्या व्हरांड्यात परत आणायचं. ते काम करोत, न करोत. पंच्याखालून हात बाहेर यायला हवा होता, बस्स. मला त्यांनी लग्नाआधीच्या उन्हाळ्यात हौसेनं मशीन शिकवलं होतं, त्यामुळे अगदीच अडाणी नव्हते. पण माझ्या हातून ते होईल याची खात्रीही नव्हती.

माझी मुलगी ईशा गच्चीबावलीत नोकरी करते. तिला सांगितलं तर म्हणाली, “आई, राणीगंजला कायको जातेस? ऑनलाइन पूर्ण सेट येतो, रिव्ह्यूज पण मस्त आहेत.” मी तिचा फोन घेऊन बघितलं. चकचकीत हत्यारं, रंगीत दांडे, मखमली खोक्यात ओळीनं मांडलेली, दागिन्यांच्या दुकानात मांडावीत तशी. मला एकाचाही वास आला नाही. “नको गं,” मी म्हणाले, “मी बघून आणते.” ती म्हणाली, “तू पण ना, एकदम आजोबा आहेस.” मला ते फार आवडलं.

तर राणीगंज. चक तबकडीवर बसला. मग दुकानदारानं कार्बाइडची हत्यारं पुढं केली. टोकाला सोनेरी चिमुकली चकती, झिजली की फेकायची, नवी लावायची. “घिसने का झंझट नक्को,” तो म्हणाला. पण मला तेच झंझट पाहिजे होतं. मी साध्या पोलादाच्या चौकोनी कांड्या मागितल्या, ज्यांना सहाणेवर घासून आपल्याला हवी तशी धार काढायची. पितळेसाठी वरची बाजू सपाट ठेवायची. उतार दिला तर हत्यार पितळेत घुसतं आणि दांडी हिसकते. हे मी कुठं वाचलं नव्हतं. बाबा सहाणेपाशी वाकून ठिणग्यांमधून सांगायचे, तसं ते डोक्यात राहून गेलं होतं. ठिणग्यांचा तो जळका वास, फटाक्यांच्या दुसऱ्या दिवशी अंगणात येतो तसा.

टूल पोस्टही मी साधंच घेतलं. झटपट बदलायचं नवं आलंय, पण साध्यात हत्याराखाली पत्र्याच्या पट्ट्या सरकवून उंची जुळवावी लागते आणि बाबांनी तेलाच्या डब्यांच्या कापून ठेवलेल्या पट्ट्या अजून खिडकीत होत्या. त्या कुणी नेल्या नव्हत्या, कुणाला त्यांची किंमत कळली नव्हती. डाय मात्र मिळाली नाही. मी समईची बैठक नेली होती, दुकानदारानं तिच्यातले आटे बघितले, दोन-तीन डाय लावून पाहिल्या आणि मान हलवली. “पुराना माल है मेडम. अब नै आता.” मग म्हणाला, “साब को सलाम बोलना.”

परतताना ऑटोत चक मांडीवर घेऊन बसले. कवाडीगुड्याच्या खड्ड्यांत तो मांडीला टोचत होता. मला हुरूप आला होता आणि भीतीही वाटत होती. बाबा रागावले तर? थकलेल्या माणसाला आपण उगाच छळतोय का?

घरी आले, वर्तमानपत्र पसरून सगळं मांडलं. बाबा खुर्चीतून बघत होते, बघत नसल्यासारखे.

“कशाला आणलंस हे?”

“समईसाठी.”

“कोण करणार?”

“मी.”

डावा हात पुढं करून त्यांनी एक कांडी उचलली, उजेडात धरली. “कार्बाइड नाही घेतलंस.”

“नाही.”

“तीन जबड्यांचा स्वस्त पडला असता.”

“दांडी झिजलीय ना एका अंगानं.”

“हं.” त्यांनी कांडी जागेवर ठेवली. “आणि डाय?”

“मिळाली नाही. जुना माल आहे म्हणाला.”

बाबा खुर्चीच्या हातांवर जोर देऊन उठले. पंचा सावरत देवघरापाशी गेले, खालचा खण उघडला. कुंकवाचा करंडा, कापसाच्या वाती, उदबत्तीचा पुडा, आणि मागं फडक्यात बांधलेली ती पोलादी चकती. सगळं वाटलं होतं, ही नव्हती वाटली. माझ्या हातात देऊन ते पुन्हा खुर्चीत जाऊन बसले. डायला कापराचा वास लागला होता.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी मशीनवरची साडी काढली. चक बसवला. शेजारच्या घरातल्या लग्नाची पत्रिका दांडीला गुंडाळली. जबडे आवळले. मोटर चालू केली, पट्टा एकदा कुरकुरला आणि घर त्या आवाजानं भरलं. मी मुद्दाम मागं बघितलं नाही. खुर्ची सरकल्याचा आवाज आला, आणि मग बाबा व्हरांड्याच्या दारात.

दांडी डुलत फिरत होती. खडू जवळ धरला, मोटर थांबवून ज्या बाजूला रेघ उमटली तिकडचा जबडा आवळला, समोरचा सैल केला. पुन्हा खडू. पुन्हा जबडा. “घाई नको,” मागून आवाज. “हल्लू हल्लू.” हळूहळू रेघ सगळीकडून सारखी उमटायला लागली.

मग बाबा दारातूनच म्हणाले, “ही दांडी आपली नाहीय, ठाऊक आहे ना?”

मी मोटर बंद केली. “तुम्हाला कसं कळलं?”

“मीच तिला आटे पाडले होते. तुझ्या आईच्या दांडीला पोचा होता, स्टेशनवरचा. हळदीकुंकवाहून आली त्याच्या दुसऱ्या दिवशीच दिसलं मला. माझ्यामुळेच झालं ते. तिला कळलं असतं तर जिवाला लागलं असतं. म्हणून बोललो नाही. तिच्या लक्षात आलं नाही ते बरं झालं.”

मला काय करावं कळेना. आईनं नको म्हटलं होतं. पण आई नव्हती, आणि हे ओझं बाबा एकटेच इतकी वर्षं वाहत आले होते.

“बाबा,” मी म्हणाले, “तिला माहीत होतं. त्याच रात्रीपासून.”

ते बघत राहिले.

“तुमचा आनंद जाईल म्हणून बोलली नाही. मला सांगितलं तिनं. आपली दांडी कुणाच्या तरी देवापुढं जळतेय म्हणाली.”

बाबांच्या चेहऱ्यावर काय आलं ते मला सांगता येणार नाही. ते वळले आणि आत गेले. भांड्याचा आवाज आला, नळाचा आवाज आला. पाणी पीत असतील असं मला वाटलं, आणि आपण हे सांगायला नको होतं असंही वाटलं. त्यांच्या मागं जायचा धीर झाला नाही. हातात काम होतं, तेच पुढं नेलं.

मोटर पुन्हा चालू केली. हत्यार टेकवलं. दांडीचं झिजलेलं टोक कापलं, खालचं पितळ आट्याच्या मापाला आणलं, आणि इतक्या वर्षांनी तो सोनेरी कीस उडाला. माझ्या हातांवर, चष्म्यावर, साडीच्या निऱ्यांत. मग मोटर बंद करून, डायला मागून आधार देऊन, चक हातानं फिरवला. अर्धा फेरा पुढं, थोडा मागं. अर्धा पुढं, थोडा मागं. डाय सरकत गेली. बाजूला काढून फुंकर मारली आणि बैठक वर फिरवून पाहिली. ती शेवटपर्यंत गेली आणि घट्ट बसली. मी एकटीच हसले. समई आणखी बोटभर बुटकी झाली होती.

“बाबा, बसली!” मी ओरडले.

बाबा दारात होते. हातात स्टीलचा वाडगा, वाडग्यात कणकेचा गोळा. जरा सैलच मळला होता, बोटांना चिकटला होता, कोपरापर्यंत पीठ. पंचा खुर्चीवरच राहिला होता. त्यांनी चौकटीला धरून एक गुडघा टेकला, मग दुसरा. मी पुढं झाले तर डाव्या हातानं मला थांबवलं. उजव्या हातात गोळा घेतला आणि फरशीवर टिपायला लागले. टप टप टप टप. हात थरथरत होता, त्यामुळे आईपेक्षा भरभर होत होतं. मशीनच्या पायाशी, खिडकीखाली, कोपऱ्यात. ते मध्ये एकदा थांबले, दंडानं डोळे पुसले, पिठाचा पट्टा गालावर उमटला. मी हलले नाही. गोळा सोनेरी होत गेला.

टिपत टिपत ते माझ्यापाशी आले. मी पाय मागं घेतला. बापानं लेकीच्या पायाला हात लावायचा, तोही या वयात, मला ते सोसेना.

“बाबा, नको. मी करते.”

बाबांनी मान वर केली.

“दाखव,” ते म्हणाले.

मी मशीनला धरलं आणि पाय उचलला.